भोंग्याचा गंधार

माणसाचं सगळं सुख आणि सगळं दुःख पेटीवर एकमेकींना खेटून असलेल्या दोन पट्ट्यांत मावतं असं मानणारा, आणि ते फूटपट्टी लावून सिद्ध करू पाहणारा, माझ्या माहितीत एकच माणूस होऊन गेला. ते माझे मामेसासरे. पिंपरीतल्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात ते इन्स्पेक्शन खात्यात होते. यंत्रावर तयार झालेला प्रत्येक भाग त्यांच्या टेबलावर येई. ते त्याला गेज लावत. गेजचं एक टोक भोकात जायला हवं आणि दुसरं अडायला हवं. तसं झालं तर माल पास, नाहीतर रिजेक्ट. सतरा-अठरा वर्षं दिवसाचे आठ तास हेच केल्यावर जगातली कुठलीही गोष्ट दोन टोकांनी तपासता येते असं माणसाला वाटू लागलं तर त्यात नवल नाही. मामांनी संगीताला गेज लावलं. त्यांचा सिद्धांत थोडक्यात असा होता. सा धरून ठेवा आणि त्यावर शुद्ध गंधार लावा, ऐकणारा खुलतो. तोच गंधार एक पट्टी खाली सरकवून कोमल करा, तोच माणूस तिथल्या तिथे कोमेजतो. राग, ताल, शब्द, गाणाऱ्याचा गळा, हे सगळं त्यांच्या मते पॅकिंग होतं. पॅकिंग बघून माल पास करणाऱ्याला ते इन्स्पेक्टर मानत नसत.

माझी त्यांची पहिली भेट माझ्या केळवणाला झाली. वर्ष बाहत्तर. माझी बायको लहानपणापासून या मामा-मामींकडेच चिंचवडला वाढलेली. तिच्या गावी हायस्कूल नव्हतं म्हणून पाचवीत आली आणि थेट लग्न होऊनच त्या घरातून निघाली. मामींना स्वतःचं मूल नव्हतं. साहजिकच केळवण जंगी होतं, आणि मी पुण्याच्या एका दैनिकाचा औद्योगिक पट्ट्यातला बातमीदार असल्यामुळे वेळेवर आणि रिकाम्या पोटी पोचलो होतो. पानं मांडली होती. मी पाटावर बसणार एवढ्यात मामांनी मला हाताला धरून बाहेरच्या खोलीत नेलं, खुर्चीवर बसवलं, खिशातून सहा इंची स्टीलची फूटपट्टी काढली आणि माझ्या ओठांच्या खाली आडवी धरली.

"जावईबापू, हलू नका," ते म्हणाले. "काळजी नको. थाउपर्यंत, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत, जात नाही मी. माणसाच्या चेहऱ्याला सूत पुरतं, इंचाचा आठवा भाग."

डाव्या हातानं फूटपट्टी सांभाळत त्यांनी उजव्या हातानं पेटीची पांढरी एक आणि तिसरी पांढरी दाबली. भाता त्यांनी गुडघ्यानं हलवला, तेव्हा ही क्रिया सरावाची आहे हे माझ्या लक्षात आलं. मग तिसऱ्या पांढरीवरचं बोट उचलून तिच्या डावीकडच्या काळीवर ठेवलं. माप घेतलं. पुन्हा पहिल्यासारखं केलं. पुन्हा माप घेतलं. आतून मामींचा आवाज आला, "अहो, सोडा त्यांना, भात निवतोय!" मामांनी फूटपट्टी खिशात ठेवली आणि माझ्याकडे सहानुभूतीनं पाहिलं.

"शुद्धला शून्य, कोमललाही शून्य," ते म्हणाले. "तुम्ही वर्तमानपत्रात आहात ना? तरीच."

त्या दिवसापासून त्यांच्या लेखी मी रिजेक्ट माल होतो. मात्र त्यामुळेच आमचं जमलं. ज्याच्यावर कुठलाच सूर परिणाम करत नाही असा माणूस साक्षीदार म्हणून निर्दोष, असं त्यांचं म्हणणं. शुद्ध गंधारानं चेहरा आडवा होतो आणि कोमल गंधारानं उभा होतो, हा त्यांचा मूळ शोध. तो पडताळून पाहताना शेजारी एक कोरा माणूस हवा असे, आणि ती जागा मला मिळाली.

प्रत्येक ठिकाणी पेटी नेणं शक्य नव्हतं. म्हणून त्यांनी टूलरूममध्ये पोलादाच्या तीन कांड्या बनवून घेतल्या होत्या: एक सा, एक कोमल गंधार, एक शुद्ध गंधार. दोऱ्याला टांगून पेन्सिलीनं वाजवल्या की त्या खणखणीत बोलत. चष्म्याच्या डबीत त्या बसत. चष्मा मग नुसता खिशात राही आणि दर दोन महिन्यांनी फुटे. डॉक्टरांकडे गेले तर रांगेतल्या माणसांना ते कांड्या वाजवून दाखवत आणि कोण किती उभं झालं ते बघत. डॉक्टरांनी एकदा सांगितलं की इथे सगळे आधीच उभे चेहरे घेऊन येतात, तुमचं गेज इथे चालणार नाही. मामांना तो मुद्दा पटला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी डॉक्टर बदलला. लग्नात ते वऱ्हाडाबरोबर न चालता बँडबरोबर चालत. एका लग्नात नवरीची पाठवणी चालू असताना ते क्लॅरिनेटवाल्याच्या कानाशी जाऊन म्हणाले, "राव, तुमचा गंधार खाली घसरतोय, म्हणून त्या बायका रडताहेत." क्लॅरिनेटवाल्यानं वाद्य तोंडातून काढलं आणि अत्यंत अदबीनं उत्तर दिलं, "साहेब, तुम्ही रिकाम्या हातानं गप्प उभे आहात. तुमच्याकडे बघून रडत असतील."

चिखलीहून रोज सकाळी डोक्यावर पाटी घेऊन एक भाजीवाली त्यांच्या गल्लीत येई. तिची आरोळी कोमल गंधारावर संपते आणि त्यामुळे गिऱ्हाइकाचं मन मेथीवरून उडतं, असं मामांनी तिला एका गुरुवारी समजावून सांगितलं. गुरुवार हा कारखान्याच्या सुटीचा वार. त्या दिवशी मामा सगळ्यांना सापडत. तिनं पाटी उतरवून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काका, मेथी घ्यायची तर घ्या, न्हाईतर व्हा बाजूला. सकाळच्या पारी बाईमानसाचा गळा काय तपासता?" मामींनी दोन जुड्या जास्तीच्या घेऊन प्रकरण मिटवलं. दुसऱ्या दिवशी मात्र त्या बाईनं खरोखरच आरोळी वर चढवून पाहिली. गल्लीतल्या बायकांना वाटलं, हिचं कुणाशी तरी भांडण झालं. त्या भांडण बघायला बाहेर आल्या आणि भाजी संपून गेली. मामांनी हा आपल्या सिद्धांताचा विजय मानला.

हे सगळं वरवरचं होतं. खरं प्रकरण भोंग्याचं होतं, आणि ते मला लग्नानंतर पाच-सहा वर्षांनी कळलं. एका गुरुवारी आम्ही दोघे पवनेच्या काठानं फिरत असताना मामा एकदम थांबले आणि म्हणाले, "जावईबापू, हे बातमीत घालू नका. तुमच्या मामी रोज सकाळी रडतात."

मी विचारलं, कधीपासून?

"बाहत्तर सालापासून. तारीख सांगता येणार नाही. पण त्याच साली आमचा भोंगा गेटवरून काढून पाण्याच्या टाकीवर नेला. तोंड बरोबर आमच्या घराकडे."

मग त्यांनी सगळं उलगडून सांगितलं. पासष्टच्या लढाईनंतर कारखान्यानं घेतलेला तो भोंगा. त्याच्या पोटात एक चाक, चाकाला खाचांच्या दोन रांगा. एका रांगेत दहा खाचा, दुसरीत बारा. चाक फिरलं की हवा खाचांमधून तुटत तुटत बाहेर पडते आणि दोन रांगांमधून दोन सूर एकदम निघतात. दहाला बारा म्हणजे पाचाला सहा, आणि पाचाला सहा म्हणजे सा आणि कोमल गंधार. भोंगा चढो, उतरो, दोघांमधलं अंतर हलत नाही. पहिला भोंगा सकाळी साडेसहाला होई, माणसांनी घरातून निघावं म्हणून. मामींनी डबा हातात द्यायचा, मामांनी चपला घालायच्या, तेवढ्यात भोंगा व्हायचा आणि मामी तोंड फिरवून पदर डोळ्यांना लावायच्या. रोज. मामांनी हे वर्षानुवर्षं पाहिलं होतं आणि कारण शोधून काढलं होतं. सबंध पिंपरी-चिंचवडला रोज सकाळी कोमल गंधार पाजला जातो, त्यात त्यांची बायको नेमकी भोंग्याच्या तोंडासमोर.

"तुम्ही त्यांना विचारलंत का?" मी म्हणालो.

"विचारायचं काय त्यात? भोंगा होतो आणि ती रडते. डोळ्यांसमोरची गोष्ट आहे." मग म्हणाले, "तिच्या चेहऱ्याला फूटपट्टी लावायची मात्र माझी हिंमत होत नाही. ऐंशी साली मी रिटायर होतो. त्याच्या आत तो भोंगा मला शुद्ध करायचाय. एवढं एकच काम राहिलंय."

बाहत्तर साली त्या घरात आणखी काय घडलं होतं हे मला ठाऊक होतं. त्यात माझाच हात होता. पण माझ्या धंद्यात माणूस दोन बाजूंनी खात्री झाल्याशिवाय बोलत नाही.

त्यांच्या सिद्धांतात एक उघड अडचण होती आणि ती त्यांना रोज दिसत होती. दुपारी साडेतीनला पाळी सुटायची तेव्हाही हाच भोंगा व्हायचा, हेच दहा आणि बारा, हाच कोमल गंधार, आणि फाटकातून बाहेर पडणारा प्रत्येक माणूस हसत असायचा. सायकलींच्या घंट्या, हाका, पाठीवर थापा. मामा फाटकाशी उभे राहून हे आडवे चेहरे बघायचे. मी एकदा छेडलंच. ते म्हणाले, "दिवसभर यंत्रांपाशी राहून कान बधिर होतात हो. दुपारचा कान धरायचा नाही. सकाळचा कान तो खरा कान." एखाद्या मशीनिस्टनं नापास नगाबद्दल अशी सबब सांगितली असती तर मामांनी तो नग त्याच्या टेबलावर आपटला असता.

मामांनी मोठ्या साहेबांकडे दोन अर्ज केले. पहिल्याला उत्तर आलं नाही. दुसऱ्याला आलं, त्यात सूचना दिल्याबद्दल आभार होते. मग रिटायर व्हायला वर्ष उरलं असताना भोंग्याचं बेअरिंग गेलं आणि चाक आतल्या आत घासून खराब झालं. मेंटेनन्स खात्यानं जुनं चाक आणि त्याभोवतीचं कडं नमुना म्हणून टूलरूममध्ये पाठवलं. यासारखं नवीन करा, इन्स्पेक्शनकडून पास करून घ्या, एवढाच हुकूम होता. टूलरूमचा टर्नर चिखलीचा, जुन्या घरचा. त्यानं नंतर मला सांगितलेला संवाद असा.

"मामा, जुन्याला धा आन बारा खाचा हाईत. तुमी आट आन धा लिवून दिल्यात."

"बरोबर लिहिलंय."

"नमुन्यापरमानं न्हाई त्ये."

"इन्स्पेक्टर मी आहे का तू?"

"तुमीच हाय. म्हनून तर इचारतोय. अवो, केसाएवढा फरक आसला तरी नग फेकता तुमी माज्या तोंडावर!"

मामांनी त्याला खांद्याला धरून बाजूला नेलं आणि कांड्या वाजवून दाखवल्या. आठाला दहा म्हणजे चाराला पाच, चाराला पाच म्हणजे शुद्ध गंधार. टर्नरला काही कळलं नाही. पण ज्या माणसानं अठरा वर्षांत नकाशाच्या बाहेरचा एक नग पुढे जाऊ दिला नाही, तो आज स्वतःच्या हातानं एक जाऊ देतो आहे, एवढं त्याला दिसलं. त्यानं चाक केलं. मामांनी त्यावर पासचा शिक्का मारला. जुनं चाक त्यांनी तेल लावून, कागदात गुंडाळून, आपल्या खणात ठेवलं. गुरुवारी सुटीच्या दिवशी नवं चाक बसलं.

शुक्रवारी सकाळी काय झालं ते मी तिथे हजर असलेल्या तिघांकडून वेगवेगळं ऐकलं आहे, आणि तिघांच्या हकिकतीत फरक फक्त चहाच्या कपांच्या संख्येचा आहे. या पट्ट्यात त्या वेळी ओळीनं कारखाने होते आणि प्रत्येकाला स्वतःचा भोंगा होता. आई जसं दहा पोरांच्या रडण्यातून आपलं ओळखते तसा इथला कामगार आपला भोंगा ओळखायचा. शुक्रवारी साडेसहाला जो भोंगा झाला तो भरदार, प्रसन्न आणि कोणाच्याच ओळखीचा नव्हता. निम्मी पाळी घरातून निघालीच नाही. जे सवयीनं निघाले ते फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर बसले. सातला दुसरा भोंगा झाला.

"चला रे, झाला भोंगा," एकानं म्हटलं.

"आपला न्हाई त्यो," दुसरा म्हणाला. "पलीकडं कुनीतरी नवा बसवलाय. लग्नातल्यावानी वाजतोय. आपला रडका हाय."

"व्हय, आपला रडका अजून व्हायचाय. बस, आनि एक सांग."

मामांच्या भोंग्याला लोक इतकी वर्षं रडका म्हणत होते, आणि तो त्यांना आवडत होता, हे मामांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. फाटकाचा वॉचमनसुद्धा रडक्याची वाट बघत होता, त्यामुळे फाटक लावायचं तेही लावलं गेलं नाही. साडेसात वाजले. लेथ बंद, प्रेस बंद, आणि रस्त्यापलीकडे सगळी पहिली पाळी बशीतून चहा पीत ऊन खात बसलेली. मामा एकटेच वेळेवर आत गेले होते. ते खिडकीतून बघत होते, आणि नंतर त्यांनी मला प्रामाणिकपणे सांगितलं की टपरीवरचे सगळे चेहरे आडवे होते.

आठ वाजता मोठे साहेब आले. नऊ वाजता भोंग्याची तार काढली गेली आणि दहाला मामांना बोलावणं आलं. साहेबांनी विचारलं की नमुन्याबाहेरचं चाक पास कसं झालं. मामांनी चष्म्याची डबी उघडली, तिन्ही कांड्या दोऱ्याला टांगल्या आणि साहेबांसमोर पेन्सिलीनं वाजवल्या. आधी कोमल, मग शुद्ध. साहेबांचा चेहरा आडवा झाला नाही, उभाही झाला नाही. लाल झाला. मामांच्या सिद्धांतात या रंगाची सोय नव्हती. त्यांना नोकरीतला पहिला आणि शेवटचा मेमो मिळाला. रिटायर व्हायला वर्ष उरलेल्या माणसाच्या कागदात तो लागणार, हे वाईट होतं. चाक पुन्हा दहा-बाराचं करायला आठवडा जाणार होता. तोवर वॉचमननं फाटकाशी रुळाचा तुकडा टांगून हातोड्यानं पाळी वाजवायची असं ठरलं. दुपारी युनियनचे लोक साहेबांना भेटले. त्या वेळी त्यांच्या मागण्यांची यादी मोठी होती, पण त्या दिवशी सगळ्यात वर नवीन मागणी होती: रडका परत करा.

ही बातमी मी दिली नाही. माझ्या नोकरीत मी दाबलेली ही एकच बातमी.

त्या शुक्रवारी मामा मेमो खिशात घालून घरी पोचले तर चहा तयार नव्हता. चूल थंड. मामी केरसुणी हातात घेऊन, "अगबाई, वाजले किती? आज सुटी का लवकर झाली?" असं म्हणत बाहेर आल्या. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मेमोची वार्ता आपल्याआधी घरी पोचली आणि म्हणून हिनं चहा ठेवला नाही, असा मामांनी अर्थ काढला आणि ते पाणी पिऊन बसले.

पुढच्या गुरुवारी बायको आणि मी चिंचवडला गेलो. पेटी झाकून ठेवलेली होती. मामा तिच्याशेजारी, एखाद्या अपघातातल्या जखमीशेजारी बसावं तसे बसले होते. मामी आत पोळ्या करत होत्या, दार उघडं होतं.

"जावईबापू," मामा म्हणाले, "गंधार सुटला. शुक्रवारी सकाळी शुद्ध वाजला. मी डबा घेऊन दारात मुद्दाम थांबलो. रडली. शनिवारपासून भोंगाच नाही. शनिवारी रडली. सोमवारी रडली. काल बुधवारी रडली. कोमलला रडते, शुद्धला रडते, काहीच नसलं तरी रडते."

आतून लाटणं थांबलं.

"मग मला विचारा की," मामी म्हणाल्या. "सात वर्षांपूर्वी विचारलं असतंत तर कंपनीचं एक चाक वाचलं असतं."

मामांनी मान वर केली. बहुधा त्यांना खरोखरच हा मार्ग सुचला नव्हता. "मग सांग," ते म्हणाले, "कशानं रडतेस तू?"

मामी दारात येऊन उभ्या राहिल्या. हात पिठाचे होते. त्यांनी माझ्या बायकोकडे बोट केलं. "ही होती तोवर तुम्ही गेलात तरी घरात कोणीतरी असायचं. माझी वेणी घाल, माझी पिन सापडत नाही, दहा वाजेपर्यंत नुसता धिंगाणा. ही गेली आणि तुम्ही डबा घेऊन निघालात की घर असं गप्प होतं की भिंतीवरचं घड्याळ ऐकू येतं. त्याचं येतं रडू. दोन मिनिटांचं असतं, मग कामाला लागते मी. त्यात त्या बिचाऱ्या भोंग्याचा काय दोष?"

बायको उठून मामींपाशी गेली. मी पेटीकडे बघत राहिलो.

"आणि भोंगा मला आवडतो," मामी म्हणाल्या.

"आवडतो? तो कोमल आहे."

"कोमल असेल नाहीतर कसा असेल. साडेतीनला तोच होतो ना? तो झाला की मी तोंड धुते, पदर सारखा करते, चहाचं आधण ठेवते. आधणाला उकळी येते आणि तुमच्या चपला वाजतात. शुक्रवारी तो वाजलाच नाही, मला वेळ कळलीच नाही, म्हणून चहा नव्हता. आणि तुम्ही तोंड पाडून बसलात." त्या वळल्या, आणि वळता वळता म्हणाल्या, "सकाळचं माझं तोंड रोज बघता. साडेतीनचं कधी बघितलंत का? कसं बघणार म्हणा. तुम्ही तेव्हा फाटकात."

मामांनी चष्म्याची डबी उघडली, बंद केली. त्यांची रजा म्हणजे गावी कोणाचं लग्न नाहीतर मयत. घरी बसून त्यांनी कधी रजा काढली नव्हती, आणि गुरुवारी भोंगा होत नसे. इतक्या वर्षांत साडेतीनचा भोंगा त्यांनी स्वतःच्या घरात एकदाही ऐकला नव्हता.

"एक रीडिंग राहिलं," ते शेवटी म्हणाले.

दहा-बाराचं चाक परत बसलं आणि रडका परत आला. पहिल्या सकाळी फाटकाशी त्याला टाळ्या पडल्या असं टर्नरनं मला सांगितलं. वर्षभरानं मामा रिटायर झाले. मेमोचा पुढे कोणी उल्लेख केला नाही. निरोपाला टूलरूमनं त्यांना ते आठ-दहाचं चाक पॉलिश करून भेट दिलं. मामी त्यावर ताकाचं पातेलं ठेवत.

रिटायर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी मामा सव्वातीनपासून स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून, फूटपट्टी हातात घेऊन बसले. साडेतीनला भोंगा झाला. मामी निवांतपणे तांदूळ निवडत राहिल्या. "अगं, भोंगा झाला," मामा म्हणाले. "झाला असेल," मामी म्हणाल्या. "तुम्ही तर इथेच बसलाय. चहा मघाशीच नाही का घेतलात?" मामांच्या लक्षात आलं की हे माप घ्यायला इन्स्पेक्टर हजर असून चालत नाही.

तेव्हापासून ते रोज तीन वाजून दहा मिनिटांनी चपला घालून बाहेर पडू लागले. गल्लीच्या टोकाला पिठाच्या गिरणीशेजारी उभे राहायचे. भोंगा झाला की दहा मिनिटं थांबून, पाळी सुटलेल्या लोकांबरोबर, ठरलेल्या चालीनं घरी यायचे. कुठे जाता म्हणून मामींनी कधी विचारलं नाही.

अशाच एका दिवशी, रिटायर होऊन दोनेक वर्षं झाली असतील, मी पिंपरीतलं काम आटोपून त्यांच्याकडे गेलो. मामा बाहेर गेलेले होते. मामी मोरीशी काहीतरी धूत होत्या, मी ओट्याशी पाटावर बसलो होतो. साडेतीन झाले आणि टाकीवरून रडका उठला, खालून वर चढत गेला. मामींनी हातातलं भांडं ठेवलं. तोंडावर पाण्याचा हबका मारला. पदर सारखा केला आणि गल्लीच्या दिशेनं एकदा पाहिलं. मी तिथे आहे हे त्या विसरल्या होत्या. मग त्यांनी आधण ठेवलं.

उकळी आली आणि चपला वाजल्या. मामा आत आले, पाय धुतले आणि मामी कप घ्यायला वळल्या तेवढ्यात माझ्याजवळ वाकून हलक्या आवाजात म्हणाले, "तुम्ही होतात ना इथे? भोंगा झाला तेव्हा?"

"होतो."

"पाहिलात?"

"पाहिला."

"आडवा?"

"आडवा."

"किती?"

खात्री करून घेतल्याशिवाय मी आयुष्यात कधी आकडा दिलेला नाही. "दीड सूत," मी म्हणालो.

मामांचा हात सवयीनं खिशातल्या फूटपट्टीकडे गेला आणि तिथेच राहिला. मग त्यांनी तो काढून घेतला, कप उचलला आणि मान हलवली. माझ्या माहितीत त्यांनी न तपासता पास केलेलं ते एवढं एकच माप.